सातवा रकाना

याआधीही आलेत विद्यापीठातनं लोक.
चहा घेतला, मुलं मोजली, फोटो काढले,
जाताना म्हणाले, अहवाल पाठवू.
बावीस वर्षं झाली सर्व्हिसला,
पोस्टमन बदलले चार,
अहवाल काही आला नाही.

म्हणून शिंत्रे मॅडम आल्या तेव्हा
मी खुर्ची पुसली नाही.
पंचगंगेकाठची आमची शाळा, चौथीपर्यंत,
भिंतीवर पुराची रेघ, फळ्याच्या वर दोन वीत.
ती त्यांनी आधी बघितली, मग मुलं.
एवढ्यावर मी चहा सांगितला.

डिसेंबर. ऊसतोडीच्या टोळ्या उतरलेल्या.
कोप्यांवरनं सात मुलं शाळेत आली,
त्यातली शिवकन्या तिसरीत बसवली, वय बघून.
मॅडमच्या हातात सेकंदांचं घड्याळ,
कागदावर उतारा: चिमणी घर बांधते.
पोरीनं वाचला, अडखळत, पण पुरता.
मग प्रश्न: चिमणी काय करते?
शिवकन्या म्हणाली,
धूर सोडती.

चूक. शून्य.
मी पेन धरलं. हात नव्हे, पेनच.
आणि खिडकीतनं दाखवली
कारखान्याची चिमणी,
जिच्याकडं तिचा बाप पहाटे बैलगाडी हाणतो.
मॅडम म्हणाल्या, सर, पण उताऱ्यात घर लिहिलंय,
तिनं वाचलं ते तिच्यापर्यंत पोचलंच नाही.
तेही खरंच होतं.
मधल्या सुट्टीची घंटा झाली, आम्ही भांडतच होतो,
खिचडी निवली.
शेवटी सहा रकान्यांच्या तक्त्यात
सातवा आखला, पट्टी न लावता:
मूल काय म्हणालं, जसंच्या तसं.

जानेवारीत शब्दकार्डं आली.
वीस शाळांना द्यायची, वीस शाळांना नाही.
काहींना नाही दिली तरच कळतं म्हणे
दिल्यानं काय होतं.
डोक्याला पटलं.
पण न देण्याच्या विसांत ओढ्यापलीकडची शाळा,
माझी बहीण शिकवते तिथं.
रविवारी जेवायला गेलो तिच्याकडं.
परतताना पिशवी हलकी होती.

तीन आठवडे गप्प बसलो.
मग एकदा रंकाळ्यावर कटवडा खाताना
सांगून टाकलं.
मॅडमनी चमचा ठेवला.
कटावरचा तवंग निवत गेला.
म्हणाल्या, ह्याला आमच्यात गळती म्हणतात.
मी म्हटलं, आमच्यात गळती म्हणजे
पोर शाळा सोडतं ते.
नाहीतर पत्र्याचं, जूनपासनं.
त्या हसल्या नाहीत.
एक शाळा हिशेबातनं गेली होती,
आणि ती त्यांनी
दोन वर्षं जिल्हा परिषदेच्या पायऱ्या झिजवून मिळवलेली.

रात्री साडेदहाला फोन.
लपवणार नाही मी, अहवालात लिहिणार आहे.
तुमचं नाव घालू का?
घाला, म्हटलं. बहिणीचं नको.
(म्हणून इथंही सांगितलं नाही.)

मार्चात कारखान्याचा पट्टा पडला.
टोळी रातोरात गेली,
कोप्यांच्या जागी नुसती राख आणि पाचट.
दुसऱ्या चाचणीला सात नावांपुढं गैरहजर.
वगळावी लागतील, मॅडम म्हणाल्या,
म्हणाल्या आणि पेन काही टेकवेनात.
मुकादमाचा नंबर होता माझ्या हजेरीच्या पुठ्ठ्यावर,
पेन्सिलीनं.
चौथ्यांदा लागला.

पलीकडं शेळ्या. कुणीतरी भांडी आपटत होतं.
सर, कार्डं हैत माझ्यापशी,
एकोणीस हैत,
एक बारक्यानं खाल्लं.
वाच मग, म्हटलं, जोरात वाच.

मॅडमनी घड्याळ दाबलं.
आवाज यायचा, मध्येच तुटायचा.
मी म्हटलं, रेंज जाती तेवढे सेकंद वजा करा.
करू, त्या म्हणाल्या,
आणि सातव्या रकान्यात लिहीत राहिल्या,
शेळ्यांसकट.